एकवीस तारखेचा फोन

दादाच्या मोबाईलवर तो मेसेज आला तेव्हा दादाला जाऊन सतरा दिवस झाले होते. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून गॅसचं कनेक्शन नावावर करायचा अर्ज भरत होतो आणि वहिनी परातीत ज्वारी निवडत होत्या. मोबाईल फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता. माणूस गेला तरी त्याचा मोबाईल चार्ज करत राहावं लागतं, हे मला त्या दिवसांत कळलं. फोन येतात. कुणालातरी उचलून सांगावं लागतं.

वहिनींनी हात पुसले, मेसेज वाचला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"भावजी, हे बघा काय आलंय."

क्रेडिट कार्डाची वार्षिक फी होती. एक हजार चारशे नव्व्याण्णव रुपये, वर कर. चालू बिलात लावली आहे, वेळेत भरून सहकार्य करावं.

"दरवर्षी याच आठवड्यात येतं," वहिनी म्हणाल्या. "मग ते फोन करायचे."

एवढं बोलून त्या परत ज्वारीकडं वळल्या. रडल्या नाहीत. वहिनी दादा गेल्यापासून रडलेल्याच नव्हत्या, आणि मीही नाही. शेजारपाजारच्या बायका त्यावर आडून बोलायच्या, ते कानावर येत होतं. पण खरं सांगतो, आतलं सगळं बधिर झालं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तसं. गाल आपलाच असतो, पण हात लावून बघितला तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

माझं नाव शीतल मगदूम. आमच्या जयसिंगपूर भागात जैनांमध्ये शीतल हे पुरुषाचं नाव आहे. बाहेरगावच्या पत्रांवर माझ्या नावाआधी श्रीमती असतं, त्याची मला आता सवय झालीय. भरतेशदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. यड्रावला एका फौंड्रीत स्टोअर सांभाळायचा. चार फेब्रुवारीला सकाळी कामावर जाताना एका टेंपोनं त्याच्या मोटरसायकलला मागून उडवलं. दवाखान्यात न्यायचीसुद्धा वेळ आली नाही. त्यावर मी याहून जास्त बोलत नाही.

दादाला सुपारीचंही व्यसन नव्हतं, पण क्रेडिट कार्डाचा नाद होता. नाद म्हणजे उधळपट्टीचा नव्हे. कार्ड वापरायचं आणि बँकेला एक रुपया जास्तीचा मिळू द्यायचा नाही, हा नाद. खात्यात जेवढे पैसे आधीच पडून आहेत तेवढीच खरेदी करायची. बिल आलं की शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी सगळं भरून मोकळं व्हायचं. बिलावर 'किमान देय रक्कम' अशी एक ओळ असते. त्या ओळीवर तो दर महिन्याला पेनानं काट मारायचा, तिनं त्याचं काही घोडं मारल्यासारखी. "थोडे भरा म्हणतात, म्हणजे उरलेल्यावर व्याज खायला मोकळे," असं श्रुतिकाला, म्हणजे त्याच्या पोरीला, समजावून सांगायचा. पोर आठवीत होती तेव्हापासनं. कार्डानं एटीएममधनं पैसे काढायचे नाहीत, कारण काढल्या दिवसापासनं व्याज चालू होतं. अमुक योजना घ्या, तमुक संरक्षण घ्या, असा फोन आला की "नको ताई" म्हणून ठेवून द्यायचा. मीही एकदा हौसेनं असलंच कार्ड घेतलं होतं. दोनदा उशीर केला, दोनदा दंड बसला. तिसऱ्या महिन्यात दादानं मला शेजारी बसवून ते बंद करायला लावलं आणि वर म्हणाला, मास्तर, पोरांना इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायला लावता आणि तुम्हाला महिन्याची एक तारीख लक्षात राहत नाही.

फेब्रुवारीतला फोन ही तर त्याची वर्षाची करमणूक होती. रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना बोलवायचा, स्पीकर लावायचा, आणि पलीकडच्या मुलीला शांतपणे सांगायचा की कार्ड बंद करा. मग ती मुलगी सर सर करत मागं लागायची आणि पाच-सात मिनिटांत फी माफ व्हायची. फोन ठेवला की दादा विजार झटकून उठायचा आणि ताक मागायचा. आठ वर्षांत एकदाही त्यानं ती फी भरली नव्हती.

"मी ही भरणार नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, ज्वारीतला खडा बाजूला टाकला. "आठ वर्षं त्यांनी भरली नाही. आता ते नाहीत म्हणून बँकेनं लावायची आणि मी भरायची, हे मला पटत नाही. आणि न भरता तशीच ठेवली तर त्यावर दंड, दंडावर व्याज. त्यांच्या नावावर असलं काही यायला नको."

त्यांना तेवढंच हवं होतं. घर, पोरगी, पुढचं सगळं आयुष्य समोर पडलेलं होतं, पण त्या दुपारी वहिनींना दादाच्या नावावर एक रुपयाचा चार्ज नको होता. मला ते लगेच कळलं, कारण मलाही त्या दिवसांत असलंच काहीतरी छोटं, हातात धरता येईल असं काम हवं असायचं.

मी माझ्या मोबाईलवरनं बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावला. कार्डाचा नंबर न देता, आपली सहज चौकशी केल्यासारखं विचारलं, की कार्डवाला माणूस वारला तर काय करायचं. पलीकडनं कागदांची यादी आली: मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र, एक अर्ज, सगळं पोस्टानं पाठवायचं. दाखला आमच्या हातात यायला अजून महिना होता. अपघाताची केस असल्यामुळं कागद या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत होते. तोवर बिलाची तारीख उलटून गेली असती.

पुढची कल्पना माझी. वहिनींची नव्हे. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

दादाचा आणि माझा आवाज एक होता. म्हणजे नुसता सारखा नव्हे, एकच. समोर उभे राहिलो तर तो माझ्याहून वीतभर उंच आणि सावळा, पण फोनवर आमची आईसुद्धा फसायची. त्याच्या फौंड्रीतल्या लोकांनी मला कितीदा तरी माल कधी येणार म्हणून विचारलं होतं. मी वहिनींना म्हटलं, त्याच्या मोबाईलवरनं मीच बोलतो. त्याच्या नावानं. दहा मिनिटांचं काम आहे.

वहिनींनी परात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जन्मतारीख विचारतात. आणि आईचं नाव."

"ते मला माहीत असायला हरकत नाही," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही किंचित हसलो. सतरा दिवसांत पहिल्यांदा.

मराठीसाठी तीन दाबलं. स्पीकर लावला, कारण वहिनींना काही विचारायला लागलं असतं. एका मुलीनं फोन घेतला. जन्मतारीख सांगितली. आईचं नाव सांगितलं. पत्ता सांगितला. मग तिनं विचारलं, सर, कार्डावरची शेवटची खरेदी कुठली. मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांभोवती बोटं गोल धरली. श्रुतिकाचा चष्मा. तीन फेब्रुवारीला संध्याकाळी दादानं सांगलीत जाऊन आणला होता, बारावीची परीक्षा तोंडावर आली होती म्हणून.

"चष्मा घेतला पोरीचा," मी म्हणालो.

"धन्यवाद मगदूम सर. बोला, काय मदत करू?"

मग मी दादासारखं बोललो. आवाज बदलावा लागला नाही, नुसतं सावकाश बोललो, एकेक शब्द ठेवत, तसं. फी लागलीय, मला ही मान्य नाही. मुलीनं दोन मिनिटं थांबायला सांगितलं, गाणं लागलं, मग ती परत आली आणि म्हणाली, सर, तुम्ही आमचे आठ वर्षांचे जुने ग्राहक आहात, एकदाही उशीर नाही, तुमची फी आम्ही पूर्ण माफ करतोय.

इथं थांबायचं होतं. आजवर मी हे हजारदा स्वतःला सांगितलंय. फी माफ झाली होती, काम झालं होतं, फोन ठेवायचा होता. पण मला वाटलं, पुढच्या फेब्रुवारीत परत हेच. परत वहिनींनी मेसेज वाचायचा. एकदाचं संपवून टाकावं.

"नको," मी म्हणालो. "कार्ड बंदच करा."

मुलगी गडबडली. दर वर्षी फी माफ झाली की दादा ऐकायचा, ते तिच्यापुढच्या नोंदीत असणार. तिनं विचारलं, सर, काही तक्रार आहे का? बंद करायचं कारण कळेल का?

जे तोंडात आलं ते बोललो.

"मला आता लागत नाही."

वहिनी उठून मोरीकडं गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. भांडी सकाळीच घासून झाली होती.

चष्म्याचे पैसे मी त्याच दुपारी भरून टाकले. संध्याकाळी मेसेज आला की आपल्या विनंतीवरून कार्ड बंद करण्यात आलं आहे, बाकी शून्य. वहिनींनी तो दोनदा वाचला. "शून्य," म्हणाल्या. सूर्य मावळायच्या आधी आम्ही तिघं जेवलो, आणि त्या दिवशी वहिनींनी दुसरी भाकरी घेतली. मला बरं वाटलं. दादा असता तर त्यानं पाठ थोपटली असती, असंही वाटून गेलं. मी किती मूर्ख होतो ते मला माहीत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर दादाच्या फौंड्रीतले कुंभोजे घरी आले. भला माणूस. दादाची राहिलेली रजा, फंड, सगळ्यासाठी खेटे घालत होता. पण फंडातलं बरंचसं घराच्या कर्जात वळतं झालं होतं, आणि जी काय विम्याची पॉलिसी होती ती पन्नास हजारांची. श्रुतिकाला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पोर हुशार होती, वडील गेल्यावर पंधराव्या दिवशी प्रॅक्टिकलला बसली होती. ती फी कुठनं आणायची, हे वहिनी कुणापुढं बोलत नव्हत्या. बोलल्या नाहीत तरी ते घरात सगळीकडं होतं.

कुंभोजेंनी चहा घेतला आणि सहज विचारलं, की भरतेशकडं ते कार्ड होतं ना. माझ्याकडंही तेच आहे. त्यावर अपघाती मृत्यूचा विमा असतो, कार्डाबरोबर फुकट मिळतो, वेगळा हप्ता नाही. दहा लाख. नव्वद दिवसांच्या आत अर्ज करायचा.

दादाला हे माहीत असणारच. कार्डाच्या पुस्तिकेतली बारीक अक्षरंही तो वाचायचा. घरात सांगितलं नसेल, कारण मी मेलो तर, अशी सुरुवात करून घरात कोण बोलतं.

मी विचारलं, कार्ड नंतर बंद केलं असेल तर? कुंभोजे म्हणाले, मृत्यूच्या दिवशी चालू होतं ना, मग झालं. माझ्या जिवात जीव आला. आम्ही कागद भरले. दाखलाही तोवर हातात आला होता. वहिनींनी अर्जावर सही केली, आणि श्रुतिकाला काही सांगायचं नाही असं आमच्यात ठरलं, मंजूर झाल्यावरच सांगू. पण त्याच रात्रीपासनं वहिनी पेपरात कॉलेजांच्या जाहिराती आल्या की त्या पानाची घडी घालून ठेवायला लागल्या. ते मी पाहिलं होतं.

एप्रिलच्या शेवटी विमा कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसमधनं पत्र आलं. कार्ड बंद करण्याबाबत काही खुलासा हवा आहे, अर्जदारानं समक्ष भेटावं.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. हातकणंगलं मागं पडलं. मग मी म्हणालो, "वहिनी, मी सांगून टाकतो. मीच फोन केला होता म्हणून. फी वाचवायला केला, आमचा दुसरा काही हेतू नव्हता. त्यांना पटेल."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

मी ते वाक्य मनात घोळवत राहिलो. फोन मी केला होता. फोन मीच केला होता. वर्गात पाठांतर घेतो तसं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. मुळीक नावाचे साहेब होते, पन्नाशीचे, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. वहिनी म्हणाल्या, हे माझे दीर. मी हात जोडले. मुळीकांनीही जोडले आणि फाईल उघडली.

"ताई, तुमचा क्लेम नाकारायची मला काही हौस नाही," ते म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. कागदाप्रमाणं मगदूम चार फेब्रुवारीला वारले. आणि कागदाप्रमाणंच एकवीस फेब्रुवारीला त्यांनी स्वतः फोन करून कार्ड बंद केलं. यातलं एकच खरं असू शकतं."

"ते चार तारखेला गेले," वहिनी म्हणाल्या.

"मग एकवीसला कोण बोललं?"

मी तोंड उघडणारच होतो. शपथेवर सांगतो, वाक्य जिभेवर होतं. पण मुळीक थांबले नाहीत. ते समजावून सांगायला लागले की फोन मगदूमांच्याच नंबरवरनं आला होता, सगळी उत्तरं बरोबर दिली होती, म्हणजे घरातलंच कुणीतरी असणार. तुम्ही मला लिहून द्या, अमक्यानं, आमच्या नात्यातल्या माणसानं, हा फोन केला. मग क्लेम पुढं जायला माझ्याकडनं अडचण नाही.

"आणि तो माणूस?" वहिनींनी विचारलं.

मुळीकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ते पत्र मला बँकेकडं पाठवावं लागतं. बँक पोलिसात देते. दुसऱ्याच्या नावानं बोलून खातं बंद करायचं हा गुन्हा आहे, मग तो चांगल्या मनानं का केलेला असेना. पुढं काय होतं ते माझ्या हातात नाही. काहींना नुसती समज देऊन सोडतात. काहींना नाही सोडत.

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी तिथं काय करत होतो ते कळेल. मी तेव्हा शिक्षण सेवक होतो. आमच्यात तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं, मग कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष जूनमध्ये संपत होतं. त्या तीन वर्षांत नावावर गुन्हा नोंद झाला तर संस्था दारातही उभी करत नाही. जागा भरायला मागं पन्नास जण उभे होते. माझं लग्न ठरायचं होतं, आई माझ्याकडं होती. हे सगळं मुळीकांच्या त्या दोन वाक्यांत माझ्या डोक्यात येऊन गेलं. जिभेवरचं वाक्य तिथंच राहिलं. आणि एक गोष्ट कळली, की मी नुसतं "साहेब" म्हटलं तरी संपलं. कारण मुळीक कॉम्प्युटरकडं वळून म्हणत होते, "माझ्याकडं रेकॉर्डिंग आहे. तुम्ही ऐका, ओळखता येतंय का बघा."

त्यांनी ते लावलं.

ऑफिसात पंखा चालू होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस शिक्के मारत होता. आणि त्यात दादा बोलायला लागला. जन्मतारीख. आईचं नाव. चष्मा घेतला पोरीचा. मला माहीत होतं की तो मी आहे, मीच त्या स्वयंपाकघरात बसलो होतो, तरी मला दादाच ऐकू येत होता. फी मला मान्य नाही. नको, कार्ड बंदच करा. मला आता लागत नाही.

रेकॉर्डिंग संपलं. मुळीक वहिनींकडं बघत राहिले.

"परत एकदा लावता का?" वहिनी म्हणाल्या.

त्यांनी लावलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. हात मांडीवर, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेतलेला. मी त्यांच्याकडं बघत होतो. संपल्यावर त्या म्हणाल्या, "अजून एकदा."

मुळीकांना वाटलं असेल, बाई ओळखायचा प्रयत्न करतेय. त्यांनी तिसऱ्यांदाही लावलं. तेव्हा मला समजलं, की वहिनी ओळखायला म्हणून ऐकत नव्हत्या.

रेकॉर्डिंग थांबल्यावर मुळीक माझ्याकडं वळले.

"तुम्ही सांगा. तुमच्या ओळखीचा आहे का हा आवाज?"

वहिनींनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. काही सुचवत होत्या असंही नाही. नुसत्या वाट बघत होत्या. मला किती वेळ मिळाला ते मी आज सांगू शकत नाही. भरपूर मिळाला, एवढं सांगतो.

मी गळ्याला हात लावला आणि मान हलवली. बोलता येत नाही, अशी खूण केली.

"त्यांचा घसा बसलाय," वहिनी म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. मग मुळीकांकडं वळून बोलल्या, "नाही. हा आवाज आमच्या ओळखीचा नाही."

"ताई, दहा लाखांचा प्रश्न आहे," मुळीक म्हणाले. "तुम्हाला मुलगी आहे. घरी जाऊन विचार करा, घाई करू नका."

"विचार झालाय. काय लिहून द्यायचं ते सांगा."

मुळीकांनी मजकूर सांगितला आणि वहिनींनी त्यांच्याच टेबलावर बसून, सुवाच्य अक्षरात, समास सोडून तो लिहिला. फोन कोणी केला याची मला माहिती नाही. रेकॉर्डिंगमधला आवाज मी ओळखत नाही. खाली सही केली, त्रिशला भरतेश मगदूम. मुळीकांनी कागद फाईलला लावला आणि सांगितलं की मग हे प्रकरण संशयास्पद म्हणून बंद होईल. वहिनी हो म्हणाल्या. मुळीकांनी माझ्याकडं आणखी एकदा पाहिलं. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. पण कागदावर काही नव्हतं, आणि त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

जूनमध्ये मी कायम झालो. श्रुतिकानं सांगलीत बी.एस्सी. केलं, आता एका लॅबमध्ये आहे. इंजिनिअरिंग का नको म्हणालीस, असं तिला कुणी विचारलं तर ती म्हणते, मला आवड नव्हती. तिला हे काहीच माहीत नाही. पगार वाढल्यावर मी दोनदा वहिनींकडं पैसे घेऊन गेलो. दोन्ही वेळा त्यांनी जेवायला वाढलं आणि पैशाचं पाकीट निघताना माझ्या पिशवीत परत ठेवलं. बारा वर्षं झाली त्याला. बधिरपणा कधी उतरला ते मला सांगता येत नाही, उतरला का तेही नाही. पण त्या दिवशी परत येताना एसटीत मी जो गप्प होतो तो बधिरपणामुळं नव्हता. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली थोडं बरंही वाटत होतं, सुटलो म्हणून. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरलो. ऊन चांगलंच होतं. वहिनी रिक्षा न करता चालायला लागल्या, मी मागं. बाजाराच्या कोपऱ्यावर माझा आवाज फुटला.

"वहिनी, मी उद्या परत जातो. एकटा जातो. मुळीकांना सगळं सांगतो."

त्या थांबल्या.

"काय सांगणार?" त्या म्हणाल्या. "आवाज ओळखीचा नाही म्हणून मी आज लिहून दिलंय. उद्या तुम्ही गेलात तर खोटं लिहून दिलं म्हणून मला धरतील. मग श्रुतिकाकडं कोण बघणार?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. जी काय वेळ होती ती त्या खुर्चीवर बसून गेली होती.

त्या परत चालायला लागल्या. चार पावलं गेल्यावर, मागं न बघता बोलल्या.

"आणि भावजी, एक करा. यापुढं मला फोन करत जाऊ नका. काही काम असलं तर घरी या, समोर बसून बोला. समोर असलात की मला कळतं, तुम्ही आहात."

मी हो म्हणणार होतो. मग नुसती मान हलवली.